अजून

स्टेजवर चार खुर्च्या, माइक दोनच.
रेवण गांगुर्डे, अन्वर कोकणी, मी,
आणि प्रश्न विचारणारी मुलगी,
संग्रहालयापेक्षा चार वर्षांनी लहान.
"सुरुवातीच्या दिवसांबद्दल सांगा ना."

रेवण सांगतो. सवय झालीय त्याला.
दिंडोरी रोडवरचं बंद पडलेलं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज,
भिंतीत हातभर थर्माकोल,
खिळा मारला की आतून पांढरे दाणे गळायचे
आणि चित्र तिरकं व्हायचं.
लोक हसतात.
तेव्हा तो द्वारकेला ट्रकांच्या मागे
कमळं आणि हॉर्न ओके रंगवायचा,
आमच्या पहिल्या प्रदर्शनाचा पांढरा रंग
कुणाच्या तरी दुधाच्या टँकरचा उरलेला होता,
हे तो सांगत नाही.
आता त्याची चित्रं विमानानं जातात,
एकेकाचा विमा त्याच्या घरापेक्षा मोठा.

अन्वर बोलत नाही.
एकोणतीस वर्षं नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये
चुकलेल्या नोटा बाजूला काढल्या त्यानं,
आणि संध्याकाळी इथे येऊन
कागदावर मुद्दाम चुकत बसला.
माइक हातात दिला तेव्हा म्हणाला,
"थंडी होती. मशीन बंद होतं, तरी थंडी होती."
आणि माइक माझ्याकडे.

मी काय सांगू?
तांबट आळीत आमचा दिवस ठोक्यांनी उजाडायचा.
वडील घंगाळाला गोलाई द्यायचे.
उरलेल्या पत्र्याला मी काहीच द्यायची नाही,
नुसती ठोकत राहायची
तो कंटाळून स्वतःच वाकेपर्यंत.
"यात पाणी राहील का गं?"
नाही राहायचं.
माझ्या कामाबद्दल त्यांनी विचारलेला हा एकच प्रश्न.
पुढे समीक्षकांनी तोच विचारला,
चार-चार पानं लावून.

असा एक पत्रा मी
भावाच्या एम-एटीवर मागे बसून, मांडीत धरून आणला.
दारात भिका निरगुडे.
वॉचमन तोच, कारकून तोच, ट्यूब बदलणाराही तोच.
पेट्यांच्या हिशेबाची जुनी वही उलटी करून
तीत तो आमच्या वस्तू चढवायचा.
"नाव?"
मी माझं सांगितलं.
"तुमचं नाही ताई, ह्याचं."
"नाव नाही," मी म्हटलं. कॉलेजात तसंच शिकवलेलं.
त्यानं पत्र्याकडे पाहिलं,
तो खाली ठेवतानाची माझी धांदल पाहिली असेल,
आणि लिहिलं:
माल तांबे. नग एक. नाव अजून ठेवलं नाही.

पहिल्या महिन्यात त्या वहीत अकरा सह्या.
सात आमच्याच.
दोघी बायका द्राक्षं मिळतात का विचारायला आल्या होत्या,
भिकानं त्यांचीही सही घेतली.

आज दुपारी मला खाली भांडारात नेलं.
मशीन पुन्हा चालू झालंय,
अठरा अंशांवर, आता आमच्यासाठी.
पांढरे हातमोजे घातलेल्या मुलानं खण ओढला.
माझा हात आपोआप पुढे गेला,
कडेला एक ठोका जास्त बसला होता, तो चाचपायला.
"मॅडम, प्लीज," तो म्हणाला, अगदी नम्रपणे.
शेजारी कार्ड, सुबक छापलेलं:
शीर्षकहीन. तांबे. दात्री, कलावंत स्वतः.
वहीचं विचारलं. वाळवी लागली होती म्हणाला.
भिकाचं विचारलं नाही, त्याच्या दहाव्याला मी होते.

"कारकिर्दीकडे वळून बघताना काय वाटतं?"
मुलगी हसून वाट बघतेय.
सभागृहात कुणीतरी खोकतं.
मी म्हणते, कार्डावरचा एक शब्द गळलाय.
"अरे, लगेच दुरुस्त करू," ती टॅब उघडते, "कुठला?"
रेवण घड्याळ बघतो.
अन्वर सत्काराची शाल कानांवरून ओढून घेतो.
"अजून," मी म्हणते.
ती लिहिते, मान वर करते, थांबते.
"अजून काय?"